टॉमचे पुरुष, भूपेनचे पुरुष

काळं चामड्याचं जाकीट, गुडघ्यापर्यंतचे बूट, मांड्यांना चिकटलेली जीन्स, डोक्यावर तिरकी टोपी आणि जाड मिशी. मे महिन्यात हा पोशाख करून कुणी दादर स्टेशनबाहेर उभा राहिला, तर पाच मिनिटांत त्याला लिंबूसरबत पाजून सावलीत बसवावं लागेल. तरीही हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. जुन्या इंग्रजी गाण्यांच्या व्हिडिओंत, परदेशातल्या प्राइड मोर्चांच्या फोटोंत, फॅशनच्या जाहिरातींत तो सतत दिसतो. गे पुरुष म्हटल्यावर जगभर ज्या दोन-तीन प्रतिमा डोळ्यांपुढे येतात, त्यातली ही एक.

हा माणूस आधी 'टॉम ऑफ फिनलंड' या चित्रकाराच्या कागदावर जन्मला आणि मग रस्त्यावर उतरला. एरवी चित्रकार माणसं बघून चित्रं काढतात. इथे बऱ्याच माणसांनी चित्रं बघून स्वतःला घडवलं. कामुक चित्रं म्हटली की आपण एकतर खुदखुदतो नाहीतर नाक मुरडतो, त्यामुळे त्यांनी केलेलं हे काम नजरेतून निसटतं.

त्याआधीची परिस्थिती पाहू. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांनी, वकिलांनी समलिंगी आकर्षणाचं स्पष्टीकरण शोधायला घेतलं. कार्ल उलरिक्स हा जर्मन वकील स्वतः पुरुषांवर प्रेम करणारा होता आणि त्यासाठी उघडपणे बोलणारा. त्याने 1860च्या दशकात मांडणी केली ती अशी, की अशा पुरुषाच्या शरीरात बाईचा आत्मा असतो. त्याचा हेतू चांगला होता. जे जन्मजात आहे त्याला शिक्षा कशी देता, असं त्याला विचारायचं होतं. पण उचलला गेला तो 'बाई'वाला भाग. पुढे 1895 साली लंडनमध्ये लेखक ऑस्कर वाइल्डवर समलिंगी संबंधांवरून खटले चालले, तो तुरुंगात गेला, आणि नाजूक बोलणारा, फुलं लावणारा, सुखवस्तू माणूस म्हणजेच समलिंगी हे समीकरण वर्तमानपत्रांनी घट्ट केलं. बर्लिनमध्ये मॅग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने 1897 पासून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध चळवळ उभी केली, तो या 'मधल्या लिंगा'च्या विचाराचा. त्याच शहरात अडॉल्फ ब्रांट 1896 पासून एक मासिक काढत होता, त्यात ग्रीक पुतळ्यांसारखे उघडे, पिळदार तरुण असायचे, आणि त्याचं म्हणणं नेमकं उलटं होतं: आम्ही पुरुषांहून जास्त पुरुष आहोत. म्हणजे हा वाद टॉमच्या जन्माआधीचा आहे.

आपल्याकडे हे समीकरण समजावून सांगायला युरोपची गरज नाही. तमाशातला नाच्या, सिनेमातला मनगट मोडून बोलणारा शिंपी किंवा मेकअपवाला, आणि शाळेच्या मैदानावर ज्याला बॉल पकडता येत नाही त्याला मिळणारी 'बायल्या' ही पदवी. पुरुषावर प्रेम करणारा मराठी मुलगा वयात येताना स्वतःला पाहायला आरसा शोधतो, तेव्हा त्याच्या हातात हेच येतं. त्यात गंमत अशी, की याच महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर जीव ओवाळून टाकला, बायकांनी त्यांचं पाहून नऊवारीचा थाट आणि केसांतला गजरा उचलला. रंगमंचावर ते चालतं. चाळीच्या जिन्यात चालत नाही.

आता टॉम. खरं नाव टोउको लाक्सोनेन, जन्म 1920, फिनलंडमधल्या कारिना गावचा. दुसऱ्या महायुद्धात तो विमानविरोधी तोफांच्या तुकडीत अधिकारी होता. ब्लॅकआउटमध्ये बुडालेल्या हेलसिंकीच्या रस्त्यांवर गणवेशातल्या पुरुषांशी त्याच्या भेटीगाठी झाल्या, आणि तो अंधार, ते बूट, ते कोट त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेले नाहीत. युद्धानंतर तो जाहिरात क्षेत्रात आला आणि पुढे मॅकॅन एरिक्सनच्या हेलसिंकी कचेरीत मोठ्या पदावर काम करू लागला. दिवसा ग्राहकाला वस्तू हवीशी कशी वाटेल ते काढायचं आणि रात्री दार लावून पुरुष हवासा कसा वाटेल ते काढायचं. फिनलंडमध्ये तेव्हा समलिंगी संबंध हा गुन्हा होता, तो 1971 साली रद्द झाला. आजारांच्या यादीतून नाव निघायला 1981 उजाडलं.

1957 साली त्याची चित्रं लॉस एंजेलिसच्या 'फिजिक पिक्टोरियल' या मासिकात आली. मुखपृष्ठावर नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणारे उघडे कामगार. फिनिश नाव अमेरिकन जिभेला झेपणारं नव्हतं, म्हणून 'टॉम ऑफ फिनलंड'. मासिक काढणारा बॉब मायझर. त्याने 1945 साली पुरुष मॉडेल्सची एक संस्था सुरू केली होती आणि 1951 पासून तो हे छोट्या आकाराचं मासिक छापत होता. कागदोपत्री विषय एकच: व्यायाम. अंगावर लंगोटीएवढं कापड, मागे ग्रीक खांब, पोझ पुतळ्याची. अमेरिकेत अश्लील मजकूर टपालाने पाठवणं गुन्हा होता आणि मायझर आधीच एकदा शिक्षा भोगून आला होता. म्हणून व्यायामाचा आडोसा. 1962 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मासिकांच्या बाजूने निकाल दिला आणि साठचं दशक संपेपर्यंत लंगोटीची गरजही उरली नाही.

व्यायामाचा हा आडोसा मुंबईकराला लगेच कळावा. लालबाग-परळच्या तालमीत तेल लावलेली, उघडी, मातीने माखलेली शरीरं एकमेकांना भिडतात आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही. उलट पैलवान 'लंगोटाचा पक्का', म्हणजे ब्रह्मचारी. दहीहंडीला आठ थर लागतात, पुरुष पुरुषाच्या खांद्यावर, मांडीवर, पाठीवर चढतो आणि खाली सगळं कुटुंब टाळ्या वाजवतं. 'मुंबई श्री'च्या मंचावर चड्डीवरचे, चकाकणारे तरुण वळून वळून पाठ दाखवतात. पुरुषाचं शरीर डोळे भरून पाहायला आपल्या समाजाची कधीच हरकत नव्हती. अट एवढीच, की कारण दुसरं सांगायचं: व्यायाम, परंपरा, देव. मायझरला हे अगदी नेमकं समजलं होतं.

आता टॉमच्या एखाद्या चित्राकडे जवळून बघू. बहुतेक चित्रं ग्राफाइट पेन्सिलीची, राखाडी. पेन्सिल घासून घासून त्याने कातड्याची चमक आणली आहे. बुटावर उजेडाची एक पांढरी रेघ, तशीच रेघ खांद्यावर, तशीच जिन्सच्या ताणलेल्या शिवणीवर. चामडं, कापड आणि त्वचा तिघांनाही त्याने एकाच मायेने रंगवलं आहे. हे जाहिरातवाल्याचं कसब आहे, वस्तूला हात लावावासा वाटला पाहिजे. शरीरं अशक्य आहेत. छाती टेबलाएवढी, कंबर मुठीत मावणारी, बाकीचं अवयवमापनही त्याच हिशोबाने. हे दिसायला सगळ्यांनाच दिसतं.

कमी लोकांचं लक्ष जातं ते चेहऱ्यांकडे. टॉमचे पुरुष हसत असतात. त्यांना लाज वाटत नाही, पश्चात्ताप नाही, कुणी पकडेल याची धास्ती नाही. पोलीस आला तर तोही थोड्या वेळाने चित्रात सामील होतो. शिवाय ते एकमेकांच्या डोळ्यांत बघतात. त्या काळातल्या कादंबऱ्यांत, सिनेमांत असा पुरुष शेवटी आत्महत्या करायचा, तुरुंगात जायचा किंवा किमान वेडा व्हायचा. टॉमच्या कागदावर तो जंगलात, बारमध्ये, जहाजावर मजेत असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटायला येतो. 1968 पासून त्याने 'काके' नावाच्या नायकाची चित्रमालिका काढली, सव्वीस भागांची. संवाद जवळजवळ नाहीत, भाषांतराची गरज नाही.

माझ्या मते खरा स्फोट या हसण्यात होता. स्नायू तर पुतळ्यांनाही होते. पण लोकांनी उचलले ते स्नायू, कारण स्नायू जिममध्ये मिळतात. निर्धास्तपणा कुठे विकत मिळणार?

उचलले ते कसे, तेही सांगतो. शिकागोमध्ये चक रेन्सलोचा 'गोल्ड कोस्ट' हा चामडेवाल्यांचा बार होता, तिथल्या भिंतींवर एतिएन या नावाने चित्रं काढणाऱ्या डॉम ओरेहुदोसने असेच धिप्पाड पुरुष रंगवले होते. म्हणजे गिऱ्हाईक आत आलं की भिंतीवर नमुना तयार. लोक चित्रातल्यासारखी जाकिटं शिवून घेऊ लागले, मग दुकानं निघाली. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात तर हा गणवेशच झाला: लिव्हाइस, चौकटीचा शर्ट, आखूड केस, मिशी. सगळे इतके सारखे, की त्यांना 'क्लोन' म्हणायचे. 1973 साली टॉमने जाहिरातीची नोकरी सोडली. 1977 साली 'व्हिलेज पीपल' या गायकसमूहाने काउबॉय, पोलीस, बांधकाम कामगार, चामडेवाला असे सगळे साचे एकत्र नाचवले आणि ते लग्नाच्या वरातीपर्यंत पोहोचले. 1980च्या सुमाराला 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीने लांब केस कापले, मिशी ठेवली आणि तो त्याच रूपात दिसू लागला. हा मुलगा आपल्या पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकलेला, फारूख बलसारा. तेव्हा हेलसिंकीच्या एका खोलीतून निघालेला माणूस फिरत फिरत महाबळेश्वरच्या वाटेवरच्या एका पारशी मुलाच्या अंगात शिरला, असं म्हणायला हरकत नाही.

इथवर ही मुक्तीची गोष्ट आहे. 'तू पुरुष नाहीस' असं ज्यांना लहानपणापासून ऐकवलं गेलं, त्यांना या चित्रांनी सांगितलं, की आहेस, आणि दणकट आहेस. याचं मोल मी कमी करणार नाही.

पण प्रत्येक आदर्श लवकरच मोजपट्टी होतो. बायकी वागणारा गे पुरुष आता दोन्हीकडून मार खाऊ लागला: बाहेर समाजाचा आणि आत आपल्याच लोकांचा. न्यूयॉर्कमध्ये 1969 साली स्टोनवॉल या गे बारबाहेर पोलिसांशी भिडणाऱ्यांत स्कर्टातली, नखरेल, रस्त्यावर राहणारी मंडळी होती, आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांनाच मागे ढकलण्यात आलं. टॉमच्या सुरुवातीच्या काही चित्रांत नाझी जर्मन सैनिकांचे गणवेश येतात, त्यावरूनही टीका झाली. त्या विचारसरणीचा आपल्याला तिटकारा आहे, पण गणवेश देखणे होते, असं त्याचं उत्तर. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. दंडेलशाहीच्या कपड्यांनी उत्तेजित होणं हे कल्पनेत चालेलही, पण कपडे त्यांच्या मालकापासून इतके सहज सुटे होत नाहीत.

ऐंशीच्या दशकात एड्स आला आणि या सगळ्याला वेगळंच वजन आलं. वाळून गेलेलं शरीर म्हणजे आजार. मग भरलेलं शरीर म्हणजे काय? तर मी ठीक आहे, मला भिऊ नकोस. औषध म्हणून स्टेरॉइड दिली जात होती, जिम भरत होत्या. टॉमने स्वतः या काळात कंडोम वापरा सांगणारी पोस्टर्स काढली, त्याच्या गड्यांच्या हातात पाकीट आलं. 1991 साली तो गेला. मागे साडेतीन हजारांच्या आसपास चित्रं ठेवून.

उलट बाजूनेही काही उगवलं. 1987 साली सॅन फ्रान्सिस्कोत 'बेअर' नावाचं मासिक निघालं, केसाळ, पोट सुटलेल्या, दाढीवाल्या पुरुषांचं. जपानमध्ये गेंगोरो तागामे नावाचा चित्रकार रुंद, राकट, केसाळ पुरुष काढत होता, तिथल्या नाजूक तरुणांच्या चित्रपरंपरेला तोंड देत. साचा बदलला तरी साचाच. 'बेअर' असायलाही किमान वजन आणि दाढी लागतेच.

मुंबईत हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आलं. फाउंटनच्या फुटपाथवर परदेशी जुन्या मासिकांचे ढीग असायचे, त्यात शरीरसौष्ठवाची मासिकं हमखास. नव्वदच्या दशकात वाढलेल्या पोरांकडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांचे पत्ते होते, उंची, वजन, छाती यांचे आकडे पाठ. ते पत्ते उशीखाली ठेवणारा प्रत्येक जण कुस्तीचाच चाहता नव्हता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. 1990 साली अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं मासिक सुरू केलं, 1994 साली हमसफर ट्रस्ट ही संस्था आली. त्यांच्यापुढे शरीर किती पिळदार असावं हा प्रश्नच नव्हता. माणसाला आपण एकटे नाही हे कळवणं, एचआयव्हीची माहिती देणं आणि पोलिसांपासून वाचवणं, एवढंच डोंगराएवढं होतं. 1860च्या दंडसंहितेतलं कलम 377 डोक्यावर होतं, ते दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली सैल केलं, 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळलं आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी संमतीने संबंध ठेवणाऱ्या प्रौढांपुरतं रद्द केलं.

शिवाय इथल्या जगात आधीपासून स्वतःची मांडणी होती. कोती म्हणजे बायकी वळणाचा, पंथी म्हणजे त्याचा 'मर्द' जोडीदार, जो अनेकदा स्वतःला गे मानतही नाही, घरी बायको-मुलं असतात. ही मांडणी कुण्या फिनिश माणसाने शिकवलेली नाही. पण टॉमचा साचा तिच्यावर येऊन बसला, इंग्रजी बोलणाऱ्या, जिमची फी परवडणाऱ्या वर्गात आधी. आज अंधेरीपासून कल्याणपर्यंत कुठेही डेटिंग ॲप उघडा. धडाचे फोटो, डोकं कापलेलं. खाली लिहिलेलं: 'मॅनली ओन्ली', 'नो सिसी', 'नो अंकल्स', 'स्ट्रेट ॲक्टिंग'. डोकं कापण्यामागे बहुतेकदा घरच्यांची, ऑफिसची भीती असते, ती मी समजू शकतो. पण त्यामुळे होतं असं, की टॉमच्या चित्रातून जे कापायला नको होतं तेच कापलं जातं. चेहरा. धड घेतलं, हसू राहिलं.

टॉमच्याच काळात पश्चिमेला तोंड न करता, बडोद्यात बसून एक माणूस वेगळेच पुरुष रंगवत होता. भूपेन खख्खर. जन्म मुंबईचा, 1934 सालचा, खेतवाडीत वाढलेला गुजराती मुलगा. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. 1962 साली बडोद्याला गेला, पुढची कित्येक वर्षं अर्धा दिवस हिशोब आणि उरलेला वेळ चित्रं असं चाललं. घड्याळजी, शिंपी, न्हावी अशी साधी माणसं तो रंगवायचा. 1979 साली इंग्लंडला राहून आला, तिथे पुरुष जोडीने उघडपणे राहताना पाहिले. आईच्या निधनानंतर त्याने मनातलं कॅनव्हासवर आणायला सुरुवात केली. तेव्हा तो सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा होता.

1981 सालचं 'यू कान्ट प्लीज ऑल' पाहा, आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. गॅलरीच्या कठड्याला रेलून एक नागडा पुरुष उभा आहे, आपल्याला पाठ करून. त्याला कुठलीही पोझ द्यायची नाही. घरात उकडतंय आणि तो वारा खायला बाहेर आलाय इतकंच. खाली रस्त्यावर म्हातारा, त्याचा मुलगा आणि गाढव: लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट, म्हातारा बसला तरी लोक बोलतात, मुलगा बसला तरी बोलतात. वरचा माणूस ती बघतोय. आपण त्याला बघतोय. लोक काय म्हणतील, या एका वाक्यावर अख्खं आयुष्य काढणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाने हे चित्र काढलं आहे.

दुसरं, 1982 सालचं 'टू मेन इन बनारस'. निळसर काळोख. डावीकडे दोन नागवे पुरुष मिठीत उभे, त्यातल्या एकाचे केस पांढरे. दुसरीकडे घाट, साधू, छोटी मंदिरं, रोजची कामं आपापली चालू. दोघांच्या अंगावर एक स्नायू फुगलेला नाही. शरीरं मऊ आहेत, उतरलेली, बँकेच्या रांगेत आपल्या पुढे उभी असतात तशी. आणि कामुकता लपवलेली नाही, ती स्पष्ट दिसते. टॉमने पुरुष इतका मोठा केला, की तो या जगातला वाटेना. भूपेनने त्याला आपल्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकांएवढा केला. पहिल्याकडे बघून हेवा वाटतो. दुसऱ्याकडे बघून मान खाली जाते, कारण आपण तिथे कामुकता असेल असं कधी धरलंच नव्हतं.

भूपेनला खूप सोपं करून 'भारतीय टॉम' म्हणतात, ते मला पटत नाही. टॉमची चित्रं वापरायची होती, उत्तेजित व्हायला. भूपेनची चित्रं भिंतीवर लावायची होती, प्रदर्शनात, आप्तांसमोर. त्याचं धाडस तिथे होतं. आणि त्याचा पुरुष प्रेमात दुबळा व्हायला तयार आहे, म्हाताऱ्याची सेवा करायला तयार आहे. असल्या पुरुषपणाला कुठल्याच बारच्या भिंतीवर जागा नव्हती.

तरी अशी चित्रं आपल्या शहरात यायची तर कायदा मध्ये उभा असतोच. मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला, रणजित उदेशी यांना, एका इंग्रजी कादंबरीपायी झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली कायम केली, आणि ती अश्लीलतेच्या 1868च्या इंग्लिश कसोटीवर. 1995 साली बुटांच्या एका जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधू सप्रे विवस्त्र दिसले, अंगाभोवती अजगर. मुंबई पोलिसांचा खटला चालला, सुटका 2009 साली. जुनी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बाजूला ठेवली आणि आजच्या समाजाच्या मापाने बघा असं सांगितलं. तरी मुंबईच्या कस्टम्सने एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची नग्नचित्रं अश्लील म्हणून अडवलीच. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये ती सोडायला लावली. ज्या पदमसींना याच मुंबईत 1954 साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रावरून कोर्टात जावं लागलं होतं, तेच पदमसी, सत्तर वर्षांनी.

फिनलंडच्या टपाल खात्याने 2014 साली टॉमच्या चित्रांची तिकिटं काढली. भूपेन 2003 साली कर्करोगाने गेला, आणि 2019 साली लंडनच्या लिलावात 'टू मेन इन बनारस'ला पंचवीस लाख पौंडांहून जास्त किंमत आली. ॲपवर मात्र दोघांतला पांढऱ्या केसांचा अजूनही 'नो अंकल्स'मध्येच मोडतो.